क्वीअर इतिहासाची डॉक्युमेंटरी वेगळी, क्वीअर माणसाची वेगळी

जून महिना आला की पुण्यात कुठे ना कुठे स्क्रीनिंग लागतंच. छोटा हॉल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि दारावर पोस्टर: 'क्वीअर इतिहासाचा शोध'. क्वीअर म्हणजे समलिंगी, पारलिंगी वगैरे सगळे. आत जाऊन बसावं तर पडद्यावर कोथरूडच्या फ्लॅटमधली आई मेथी निवडत सांगत असते, मुलाने आपण समलिंगी असल्याचं घरात सांगितलं तेव्हा ती आठवडाभर त्याच्याशी धड बोलली नव्हती. फिल्म चांगली असते, आई तर फारच चांगली असते. माझं भांडण पोस्टरशी आहे. यात इतिहास कुठे आला? उलटा घोळही तितकाच चालतो. कुणी बिचारा विचारतो, 'आईबाबांना दाखवायला एखादी डॉक्युमेंटरी सांगा ना', आणि कुणीतरी जाणकार त्याला नाझी छळछावण्यांवरची फिल्म सुचवून मोकळा होतो. पुढे त्या घरात काय झालं असेल याची कल्पनाच केलेली बरी.

माणसाची डॉक्युमेंटरी तुम्ही पाहिलेली आहे, तेव्हा तिच्यावर फार वेळ घालवत नाही. एक माणूस, त्याचं घर, त्याने स्वतःला दिलेली ओळख आणि ती आजूबाजूच्यांच्या गळी उतरेपर्यंतची ओढाताण. रियाद वाडिया यांची 1996 सालची 'अ मर्मेड कॉल्ड आयडा' आयडा बानाजी या पारलिंगी स्त्रीवरची. 1999 सालच्या 'समर इन माय वेन्स'मध्ये निशित सरन यांनी कॅमेरा चालू ठेवूनच आईला सांगितलं. सोनाली गुलाटींना आईला सांगायचं राहून गेलं, आई गेली, आणि 2011 च्या 'आय अ‍ॅम'मध्ये त्या इतरांच्या आईवडिलांना जाऊन भेटल्या. हा प्रकार आपल्याकडे भरपूर आहे आणि बराचसा चांगला आहे.

इतिहासाची डॉक्युमेंटरी विचारते की आधी काय घडलं, कुणी घडवलं आणि ते आपल्याला कशावरून कळतं. 2000 सालची 'पॅरेग्राफ 175' घ्या. पुरुषांमधले समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या, जर्मनीतल्या त्याच नावाच्या कलमाखाली नाझी राजवटीत सुमारे 1 लाख पुरुषांना अटक झाली, 10 ते 15 हजार छळछावण्यांत गेले, आणि फिल्म झाली तेव्हा हयात असल्याचं माहीत असलेले दहासुद्धा उरले नव्हते. नाझी गेले, कलम मात्र 1994 पर्यंत जर्मनीच्या कायद्यात या ना त्या रूपात टिकून होतं. यातल्या म्हाताऱ्यांची ओळख पटवून देणं हा फिल्मचा हेतू नाही. त्यांच्यावर काय गुदरलं याची नोंद करणं हा आहे.

वरवरचे फरक सांगणारे पुष्कळ भेटतात. इतिहासाच्या फिल्ममध्ये कृष्णधवल फुटेज असतं म्हणे, जड आवाजातलं निवेदन असतं, लांबी जास्त असते. असेलही. यातल्या कशावरूनही काही ठरत नाही.

खरी ठेच लागते ती पुराव्यापाशी. फिल्म संपते, दिवे लागतात, आणि एक काका उठतात. पुण्यात प्रश्न विचारायला उठलेला माणूस बहुधा प्रश्न विचारत नाही, पण हे काका फिल्ममधल्या मुलाला खरंच विचारतात: 'बाळ, पण तुला हे नक्की कळलं कसं? अजून लग्न तर केलेलं नाहीस.' समोर जिवंत माणूस उभा आहे, स्वतःच्या तोंडाने सांगतोय, आणि त्याच्याकडे दाखला मागितला जातोय. हेच काका दुसऱ्या एखाद्या फिल्मला बसतात. पडद्यावर खजुराहोची शिल्पं, मागे बासरी, आणि निवेदक सांगतो की आपल्या प्राचीन संस्कृतीत हे सगळं मान्यच होतं. कोणत्या शतकात, कुणाला, कुठल्या नोंदीवरून? काका मान डोलावतात. कधी कधी अख्खा हॉल डोलावतो.

म्हणजे नेमकं उलटं चाललंय. माणसाच्या फिल्ममध्ये 'मी कोण' याबद्दल त्या माणसाचा शब्द शेवटचा. तिथे पुरावा मागणं हा आगाऊपणा आहे. इतिहासाच्या फिल्ममध्ये मात्र प्रत्येक वाक्याला 'कशावरून?' विचारलंच पाहिजे, आणि ज्याने स्वतःबद्दल काही सांगून ठेवलेलं नाही त्याच्या वतीने आपण सांगून टाकायचं नाही. आपण जिवंताची उलटतपासणी घेतो आणि मेलेल्याला न विचारता सभासद करून घेतो.

आपल्या गावातलंच उदाहरण घेऊ. जंगली महाराज रस्त्यावरच्या नाट्यगृहाला ज्यांचं नाव आहे त्या बालगंधर्वांचा शालू-नथीतला फोटो, आणि पुढच्याच कटला प्राइड मार्चमधला इंद्रधनुषी झेंडा. अशी जोडणी रील्समध्ये दिसते, विद्यार्थ्यांच्या फिल्म्समध्ये दिसते, आणि दर वेळी टाळ्या घेते. एक शब्द न बोलता एडिटरने दावा ठोकून दिलेला असतो. नारायण श्रीपाद राजहंस 1911 साली 'मानापमान'मध्ये भामिनी म्हणून उभे राहिले तेव्हा मराठी रंगभूमीवर स्त्रीपार्टी नट ही रूढ गोष्ट होती. तो पेशा होता. 1935 साली प्रभातच्या 'धर्मात्मा'मध्ये त्यांनीच एकनाथांचं काम केलं. शालूतल्या फोटोवरून त्यांच्या मनाबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

यावर लगेच दुसरी फळी उभी राहते: 'बघा, मग असलं काही नव्हतंच! दोन लग्नं झाली होती त्यांची.' या युक्तिवादाने तर माझं डोकंच उठतं. लग्नाने काय सिद्ध होतं? या देशात लग्न न लावता सोडलंय कुणाला? फोटो जितका मुका तितकंच लग्नही मुकं. प्रामाणिक फिल्म इथे नटाच्या मनात शिरणार नाही, ती प्रेक्षकांकडे वळेल. पुरुषाच्या देहातलं बाईपण बघायला लोकांनी गर्दी करावी, घरंदाज बायकांनी ज्याच्या नेसण्याची नक्कल करावी असं काय होतं त्यात? ते शहर काय बघत होतं, आणि बघताना स्वतःला काय सांगत होतं? याची उत्तरं जाहिरातींत, नाट्यपरीक्षणांत, आठवणींच्या पुस्तकांत सापडतात. इतिहास आहे तो इथे, आणि तोही भरपूर.

याच्याशेजारी नवीन किशोर यांची 1999 सालची 'परफॉर्मिंग द गॉडेस' ठेवून बघा. चपल भादुरी हे जात्रेतले, म्हणजे बंगालच्या लोकनाट्यातले, स्त्रीपार्टी नट. तेही साडी नेसतात, देवीची भूमिका करतात. फरक इतकाच की ते कॅमेऱ्यासमोर बसून, तोंडाला रंग लावता लावता, एका पुरुषावरच्या आपल्या प्रेमाबद्दल स्वतः बोलतात. साडी दोघांनीही नेसली. एकाने सांगितलं, एकाने सांगितलं नाही. दोघांना एकाच माँटाजमध्ये कोंबलं की भादुरींच्या धाडसाची किंमत शून्य होते, हे जोडणी करणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयात जे जपून ठेवलंय त्यालाही हेच लागू. 'राजा हरिश्चंद्र'ची जी रिळं उरली आहेत त्यांत हौदातल्या स्नानाचा प्रसंग आहे: राणी, तिच्या सख्या, ओलेत्या साड्या, आणि सगळे पुरुष. तारामती झालेत अण्णा साळुंके. पुढे 1917 च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही तेच. क्वीअर फिल्म करणाऱ्याला हे फुटेज बघून तोंडाला पाणी सुटणार हे उघड आहे. पण हा प्रसंग साक्ष कशाची देतो? सिनेमात उभी राहायला तेव्हा बाई तयार होत नव्हती याची. ही सबबही फार टिकली नाही, कारण 1913 मध्येच फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला या दोघी उभ्या राहिल्या. आज ते फुटेज बघून एखाद्या पारलिंगी मुलीला आपलं काही सापडलं तर ते तिचं आहे, खरं आहे, आणि तिने ते कॅमेऱ्यासमोर जरूर सांगावं. पण ती माणसाची फिल्म झाली. साळुंक्यांची नव्हे.

मग इतिहासात ठोस काही मिळतच नाही का? मिळतं, पण बहुतेक वेळा पोलिसांच्या आणि कोर्टाच्या कागदांत. 1884 साली अलाहाबाद हायकोर्टापुढे खैराती नावाच्या व्यक्तीचा खटला आला. बायकांचे कपडे घालून बायकांमध्ये गाताना पोलिसांनी पकडलं, सेशन्स कोर्टाने कलम 377 खाली, म्हणजे 'अनैसर्गिक' संभोगाच्या गुन्ह्यासाठी, दोषी ठरवलं, आणि हायकोर्टाने सोडलं, कारण गुन्हा कधी, कुठे, कुणाबरोबर याचा पत्ताच नव्हता. एवढंच हाती आहे. खैराती स्वतःला काय म्हणत होती किंवा होता, ते एकाही कागदात नाही. इथे काही दिग्दर्शक नट आणतात, कंदील लावतात, खैरातीच्या तोंडी आजचं भाषण घालतात आणि हे नाट्यरूपांतर आहे अशी ओळ टाकायचं विसरतात. नट वापरण्याला माझा विरोध नाही, न सांगण्याला आहे. शेरिल ड्युने यांनी 1996 च्या 'द वॉटरमेलन वुमन'मध्ये एक अख्खी विस्मृतीत गेलेली कृष्णवर्णीय नटी रचली, झोई लेनर्ड या छायाचित्रकर्तीने तिचे जुने भासणारे फोटो तयार केले, आणि शेवटी पडद्यावर लिहून टाकलं की हे काल्पनिक आहे. नोंदीच नसल्या की काय करायचं, याचं इतकं सरळ उत्तर मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आता अवघड भाग. एकाच माणसाच्या एकाच मुलाखतीत दोन्ही प्रकारची वाक्यं असतात. समजा एक साठीतले गृहस्थ कॅमेऱ्यापुढे म्हणाले, 'मी समलिंगी आहे, हे मला कॉलेजातच कळलं.' विषय संपला. मग ते म्हणाले, 'कलम गेलं त्या दिवशी आम्ही पेढे वाटले.' इथे मात्र थांबायचं. 377 चं कोणतं जाणं? 2 जुलै 2009 ला दिल्ली हायकोर्टाने निकाल दिला तेव्हाचं, की 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने दिला तेव्हाचं? मधे 11 डिसेंबर 2013 ला सर्वोच्च न्यायालयानेच ते कलम पुन्हा उभं केलं होतं. एडिटर आळशी असला की या वाक्यावर 2018 चा जल्लोष चिकटवतो, आणि गृहस्थ बोलत असतात 2009 बद्दल. पेढे वाटून चार वर्षांनी जे हातातून गेलं, ती सगळी गोष्टच त्या एका कटमध्ये उडाली. वर्ष चुकलं म्हणून माणूस खोटा ठरत नाही, स्मरण असंच चालतं. तारीख ताडून बघणं हे फिल्म करणाऱ्याचं काम. श्रीधर रंगायन यांच्या 'प्रोजेक्ट बोलो'सारख्या मौखिक इतिहासाकडे बघतानाही कान असेच दोन ठेवावे लागतात.

संमतीचा मुद्दा यालाच लागून येतो. माणसाच्या फिल्ममध्ये समोरचा हो म्हणालेला असतो. जुन्या फुटेजमधला माणूस बहुतेक वेळा हो म्हणालेला नसतो. 1962 साली ओहायोतल्या मॅन्सफील्ड गावात पोलिसांनी सार्वजनिक स्वच्छतागृहात आरशामागे लपून पुरुषांचं चित्रीकरण केलं, ते कोर्टात पुरावा म्हणून वापरलं, माणसं तुरुंगात गेली. विल्यम जोन्स यांनी 2007 मध्ये 'टीरूम' या नावाने ते फुटेज जवळजवळ जसंच्या तसं दाखवलं. बघवत नाही. मला तरीही ते चेहरे धूसर करून, वर व्हायोलिन घालून दाखवण्यापेक्षा बरं वाटतं, कारण कॅमेरा कुणाच्या हातात होता हे एक क्षणही विसरता येत नाही. याबद्दल माझ्या ओळखीतले निम्मे लोक माझ्याशी भांडतात.

आणि हे दोन प्रकार कायमचे वेगळेही राहत नाहीत. 1977 मध्ये अमेरिकेत 'वर्ड इज आउट' निघाली. 26 समलिंगी स्त्री-पुरुष कॅमेऱ्यासमोर बसून आपलं आयुष्य सांगतात. तेव्हा ती निव्वळ माणसांची फिल्म होती. आज ती एड्सच्या आधीच्या काळाचा दस्तऐवज आहे, आणि आता त्यांचे कपडे, खोल्या, बोलताना अडखळण्याच्या जागा, सगळंच पुरावा झालंय. पुण्यात समलिंगी, पारलिंगी लोकांसाठी काम करणारा समपथिक ट्रस्ट 2002 पासूनचा, पहिला प्राइड मार्च 2011 चा. तेव्हा कुणी सहज म्हणून केलेलं चित्रीकरणही असंच इतिहासात जमा होत चाललंय.

म्हणून सध्या जी पोरं-पोरी घरच्यांच्या, मित्रमैत्रिणींच्या मुलाखती शूट करतायत त्यांना एवढंच सांगणं आहे. प्रत्येक फाइलला तारीख आणि ठिकाण लिहा. 'फायनल', 'फायनल 2', 'फायनल खरंच' अशी नावं देऊ नका. संमती लेखी घ्या, आणि उद्या माणसाचं मन बदललं तर काय, हेही त्यातच लिहा. तुम्ही विचारलेला प्रश्न कापून नुसतं उत्तर ठेवू नका, कारण पुढच्याला कळलं पाहिजे की तो शब्द त्याने स्वतःहून वापरला की तुम्ही त्याच्या तोंडी घातला. कच्चं फुटेज फिल्म पूर्ण झाल्यावरही पुसायचं नाही. हार्ड डिस्क दोन ठेवा, आणि दुसरी दुसऱ्या कुणाच्या तरी घरी.