पालिकेचं बोधचिन्ह ‘सगळ्यांचं’ नसतं

गणेशोत्सवाचा फलक असो की गावच्या कुस्ती मैदानाची पत्रिका, बेळगाव, खानापूर, निपाणीकडे कोपऱ्यात पालिकेचं किंवा ग्रामपंचायतीचं बोधचिन्ह हमखास दिसतं. विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: ‘सरकारी आहे, कॉपीराइट नसतो. विकिमीडिया कॉमन्सवर फुकट आहे की!’ (कॉमन्स म्हणजे मोफत वापरता येणाऱ्या चित्रांचं संकेतस्थळ.)

हे खरं नाही. अमेरिकेत संघीय सरकारच्या कामांवर कॉपीराइट नसतो. तोच नियम आपल्याकडे लागू असल्याचं लोक धरून चालतात. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मात्र कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर, सरकारी कामाचा पहिला मालक सरकारच. कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांनाही हाच नियम लागू. महानगरपालिका तशीच संस्था, त्यामुळे तिने करवून घेतलेल्या चिन्हाची मालकी तिची, चित्रकार बाहेरचा असला तरीही. कॉपीराइटची मुदत प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे १९६० मध्ये प्रसिद्ध झालेलं चिन्ह २०२० अखेर मुक्त झालं. गेल्या दहा-वीस वर्षांतलं नाही.

मग कॉमन्सवरचा ‘मुक्त परवाना’, म्हणजे कुणीही वापरावं अशी परवानगी? तो फाइल चढवणाऱ्याने स्वतः निवडलेला असतो. जे आपलं नाही त्याचा परवाना देता येत नाही. चिन्ह संगणकावर पुन्हा रेखाटून ‘स्वतःचं काम’ लिहिलं तरी मूळ हक्क तसाच राहतो. अशा फाइली तिथून काढूनही टाकतात.

बातमीत चिन्ह दाखवणं वेगळं. कायदा वृत्तांकनाला सवलत देतो. मंडळाच्या फलकासाठी मात्र पालिकेकडे लेखी अर्ज करावा आणि मंजुरीचं पत्र जपून ठेवावं.