लिव्हरच्या कर्करोगाचे बिनशस्त्रक्रियेचे उपचार: पार्श्वभूमी

लिव्हरमधली गाठ कापून काढता येईल असे रुग्ण थोडेच निघतात. बहुतेकांचं लिव्हर हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू नाहीतर साठलेली चरबी यांमुळे आधीच सिरॉसिसने निबर झालेलं असतं. मोठा तुकडा काढला, तर उरलेल्या भागाला काम झेपत नाही. त्यामुळे "ऑपरेशन होणार नाही" म्हणजे "आता काही उरलं नाही" असं घरच्यांनी धरून चालू नये.

दुसरी वाट सापडली ती रक्तपुरवठ्यामुळे. लिव्हरला सुमारे ७५ टक्के रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळतं; गाठ मात्र मुख्यतः धमनीवर पोसते. म्हणजे धमनीची गाठीकडे जाणारी फांदी बंद केली, तर गाठ उपाशी राहते आणि लिव्हर तगतं. जपानमधल्या ओसाकाच्या डॉ. र्‍यूसाकू यामादा यांनी १९७०च्या दशकात हे करायला घेतलं आणि १९८३ मध्ये १२० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. जांघेतून बारीक नळी सरकवत लिव्हरच्या धमनीपर्यंत न्यायची, तिथे केमोचं औषध सोडायचं आणि मागून जिलेटिन स्पंजचे कण सोडून वाट बुजवायची. नंतर काही दिवस ताप, मळमळ आणि बरगडीखाली दुखणं असतं. धमनीतून केल्या जाणाऱ्या या उपचारालाच आज टेस (TACE) म्हणतात. त्याने आयुष्य खरंच वाढतं का, हा वाद २००२ पर्यंत चालला. त्या वर्षी बार्सिलोना आणि हाँगकाँगच्या चाचण्यांनी निवडक रुग्णांत वाढतं असं दाखवलं. लहान गाठींसाठी तोवर अल्कोहोलचं इंजेक्शन आणि पुढे सुईच्या टोकाने गाठ जाळणारी आरएफए आली होती. त्याच धमनीतून किरणोत्सारी इट्रियमचे कणही सोडतात. असे काचेचे कण मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही तयार केले आहेत.

आजार पसरलेल्यांसाठी २००७ मध्ये सोराफेनिब ही गोळी आली. मुख्य चाचणीत सरासरी आयुष्य ७.९ महिन्यांवरून १०.७ वर गेलं. पण भारतात महिन्याचा खर्च होता सुमारे २ लाख ८० हजार रुपये! मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय औषध बनवायची मुभा, मिळाला, देशातला पहिलाच, आणि तोच खर्च नऊ हजारांच्या आत आला. मूळ कंपनी बायर मुंबई उच्च न्यायालयात गेली, तिथेही २०१४ मध्ये परवाना टिकला. माझ्या मते या साऱ्या इतिहासात आपल्याकडच्या रुग्णाला सर्वांत जवळचा टप्पा हाच.

२०२० पासून अटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब ही सलाइनमधून द्यायच्या औषधांची जोडी सोराफेनिबच्या पुढे गेली आहे. बेव्हॅसिझुमॅबने रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून सलाइन लावण्याआधी सिरॉसिसमुळे अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा एंडोस्कोपीने तपासून घेतात.