कुंती आणि कात्री

कुंतीचं एक पान तोडून उजेडासमोर धरा. टाचणीनं टोचल्यासारखे बारीक पारदर्शक ठिपके दिसतील. त्या तैलग्रंथी. पान चुरगळल्यावर लिंबाच्या जवळचा वास येतो, तो त्यांच्यामुळेच. कुंपणासाठी लावलं जाणारं हे सदाहरित झुडूप लिंबू, संत्रं आणि कढीपत्त्याच्या कुळातलं आहे.

कुंपण दाट होतं ते कात्रीमुळे. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक खाली उतरतं आणि पानांच्या बगलेतल्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा छाटला की डोळे जागे होतात, एका फांदीच्या दोन-तीन होतात. १९३३ साली थिमन आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी रोपाचा शेंडा कापून त्या जागी ऑक्सिन लावलं, तर डोळे निजलेलेच राहिले. पुढे २०१४ मध्ये वाटाण्यावरच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली: डोळ्याजवळचं ऑक्सिन कमी होण्याआधीच तो हलू लागतो, कारण शेंड्याच्या वाट्याची साखर आता त्याच्याकडे वळलेली असते.

छाटताना कुंपण वर अरुंद, खाली रुंद ठेवायचं. नाहीतर सावलीतली खालची पानं गळून नुसते बुंधे उरतात.

कुंतीची पांढरी, सुगंधी फुलं मात्र फांद्यांच्या टोकांना येतात. म्हणजे कात्री नेमकी तीच उडवते. सुवासासाठी कुंती लावायची आणि सतत तिचा चौकोन करायचा, हे मला कधीच उमगलं नाही.

छाटणीनंतर फुटणाऱ्या कोवळ्या पालवीवर आणखी कुणाचा डोळा असतो. सिट्रस सायला हा जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा किडा बूड वर करून, तिरका बसून रस शोषतो. त्याची मादी अंडी घालते ती फक्त कोवळ्या फुटीवर. संत्रावर्गीय झाडांना पोखरणाऱ्या ग्रीनिंग रोगाचे जीवाणू हाच किडा पसरवतो. फ्लोरिडात तो १९९८ मध्ये आढळला, रोग २००५ मध्ये. २००३-०४ च्या हंगामात तिथे संत्र्यांच्या सुमारे २४ कोटी पेट्या निघाल्या होत्या. २०२३-२४ मध्ये दोन कोटीही भरल्या नाहीत. यात चक्रीवादळांचाही हात आहे, पण मोठा घाव रोगाचाच. कुंतीला स्वतःला त्याचा फारसा त्रास होत नाही, किड्याला मात्र ती मनापासून आवडते. म्हणून अमेरिकेत लागण झालेल्या भागांतून कुंतीची रोपं बाहेर नेण्यावर निर्बंध आहेत.