टाकीवरचा दिवा आणि वॉटचा हिशेब

फिश टँक घ्यायला आलेल्या माणसाचा दिव्याबद्दलचा प्रश्न ठरलेला असतो: दोन फुटी टाकीला किती वॉटचा लाइट लागेल? दुकानदार दहा-बारा म्हणतो. ज्यांनी पूर्वी वीस वॉटच्या ट्यूबखाली टाकी चालवली आहे, त्यांना हा आकडा फसवा वाटतो. त्यात झाडे लावायची असतील तर एवढ्याशा एलईडी पट्टीवर भागणार कसे? शंका रास्त आहे, पण ती ज्या हिशेबावर उभी आहे तो ट्यूबच्या जमान्यातला. टाकीवरच्या दिव्याचा इतिहास उजेड वाढवण्याचा कमी आणि उजेडाबरोबर येणाऱ्या नको त्या उष्णतेपासून सुटका करून घेण्याचा जास्त आहे.

सुरुवातीला दिवा नव्हताच. पाणवनस्पतींची पाने उन्हात बुडबुडे सोडतात आणि अंधारात थांबतात, हे यान इंगेनहाउझ या डच शास्त्रज्ञाने १७७९ मध्ये दाखवून दिले होते. शाळेत हायड्रिलावर उलटे नरसाळे ठेवून आपण जो प्रयोग केला, तो त्याच वळणाचा. पुढे १८५० मध्ये लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने दोन गोल्डफिश, व्हॅलिसनेरिया या पाणवनस्पतीचे रोप आणि काही गोगलगाई एका काचेच्या भांड्यात ठेवून पाणी न बदलता ती टिकवून दाखवली. ब्रिटनमधला काचेवरचा कर १८४५ मध्येच उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचे घर उघडले आणि मत्स्यपालनाचे वेड दिवाणखान्यात शिरले. या सगळ्या टाक्या खिडकीशी असत. खिडकीचा उजेड फुकट, पण त्यावर आपला ताबा नाही: पावसाळी हवेत झाडे मलूल, कडक उन्हात पाणी हिरवेगार आणि कोमट. शेवाळाची तक्रार मत्स्यपालनाइतकीच जुनी आहे.

वीज आल्यावर पत्र्याचे झाकण आणि त्यात पिवळे बल्ब आले. साधा बल्ब खाल्लेल्या विजेचा जेमतेम विसावा भाग उजेडात बदलतो, बाकी सगळी उष्णता. थंड देशांत हे चालून जायचे. टाकी तेवढीच ऊबदार राहायची. आपल्याकडे मे महिन्यात तोच बल्ब माशांच्या जिवावर उठे. २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना तो साडेसातवर येतो. म्हणजे पाणी तापले की मासे जास्त श्वास घेऊ पाहतात आणि पाण्यात प्राणवायू कमी. पाण्याच्या वर तोंड काढून गपगप करणारे गोल्डफिश ज्यांच्या घरी होते त्यांना हे सांगायला नको. म्हणून कित्येक घरांत झाकणाखाली झिरोचा बल्ब लागायचा. नावाला झिरो, प्रत्यक्षात तोही बारा-पंधरा वॉट खायचा, म्हणजे आजच्या दोन फुटी टाकीच्या एलईडीपेक्षा जास्तच, आणि उजेड देवघरापुरता.

मुंबईकरांना उजळलेल्या टाक्यांची मोठी ओळख झाली ती मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयामुळे. १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ते सुरू झाले. शाळेच्या सहलीतून परतलेल्या मुलांनी घरी टाकीचा हट्ट धरायचा, हे त्यानंतर अनेक वर्षे चालले. २०१५ मध्ये नूतनीकरणानंतर ते पुन्हा उघडले तेव्हा टाक्यांवर एलईडी दिवे होते.

बल्बनंतरचा खरा बदल ट्यूबचा. फ्लुरोसंट ट्यूब अमेरिकेत १९३८ मध्ये बाजारात आली आणि पुढची पन्नास-साठ वर्षे टाकीवर तिचेच राज्य होते. त्याच विजेत चारपाच पट उजेड, आणि उष्णता बरीच कमी. पण तिचे लटांबर मोठे: तांब्याचा जड चोक, स्टार्टर, बाष्पाने गंजणाऱ्या पिना. चोक स्वतःच आठ-दहा वॉट गिळायचा आणि तापायचा. त्याची गूंऽऽ रात्री हॉलमध्ये झोपणाऱ्याला ऐकू यायची. ट्यूब गोल, म्हणून निम्मा उजेड वर झाकणाकडे जायचा. आणि वर्षभरात ती मंदावायची, पण इतकी हळूहळू की ट्यूब जुनी झाली हे डोळ्यांच्या आधी झाडांना कळे.

१९६० च्या दशकात सिल्व्हेनिया कंपनीने ग्रो-लक्स नावाची ट्यूब आणली. पाने मुख्यतः निळा आणि तांबडा प्रकाश वापरतात, हे धरून तिचा प्रकाश जांभळट-गुलाबी ठेवला होता. झाडांचे भले झाले असेल, पण लोकांना भावले ते वेगळेच: त्या उजेडात लाल मासे भडक लाल दिसायचे. आपल्याकडच्या दुकानांत फ्लॉवरहॉर्न माशाच्या टाकीवर जी गुलाबी ट्यूब दिसायची, ती याच घराण्यातली. मासा विकायला ती उत्तम. घरी आणल्यावर साध्या उजेडात त्याच माशाचा रंग उतरल्यासारखा वाटायचा.

वॉटचा हिशेब जन्मला तो या काळात. झाडांच्या शौकिनांना उजेड मोजायला हाताशी काही नव्हते, म्हणून अमेरिकेत ढोबळ नियम पडला: गॅलनमागे एक वॉट म्हणजे कमी उजेड, दोन म्हणजे मध्यम, तीनच्या पुढे भरपूर. सगळ्यांच्या डोक्यावर साधारण सारख्याच ट्यूबा असल्यामुळे तो चाललाही. आपली दोन फूट बाय एक फूट बाय एक फूट टाकी म्हणजे साधारण ५५ लिटर, साडेचौदा गॅलन. मध्यम उजेडाला एकोणतीस-तीस वॉट. दुकानातल्या दहा वॉटबद्दल वाटणाऱ्या अविश्वासाचे मूळ इथे आहे. समुद्री प्रवाळ पाळणारे तर १९८० नंतर दीडशे-चारशे वॉटच्या मेटल हॅलाइड दिव्यांकडे गेले आणि तापलेले पाणी गार करायला वेगळे चिलर बसवू लागले. एका यंत्राने तापवायचे, दुसऱ्याने थंडवायचे, बिल दोन्हींचे भरायचे.

एलईडी या गोंधळात अगदी उशिरा आला. निक होलोन्याकचा तांबडा एलईडी १९६२ चा, पण तो रेडिओवर ‘चालू’ दाखवण्यापुरता. पांढऱ्या उजेडासाठी निळा हवा होता, आणि तो जमायला तीस वर्षे गेली. इसामु आकासाकी आणि हिरोशी अमानो या जपानी शास्त्रज्ञांनी पाया घातला, शुजी नाकामुरांनी निचिया कंपनीत १९९३ मध्ये प्रखर निळा एलईडी काढला, आणि १९९६ मध्ये त्याच कंपनीने निळ्यावर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे काही निळा उजेड शोषून पिवळा देणाऱ्या भुकटीचा, थर देऊन पांढरा उजेड बाजारात आणला. २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल या तिघांना मिळाले. गंमत म्हणजे मत्स्यपालनाच्या जगात अमानो म्हटले की आठवतो दुसराच जपानी माणूस: छायाचित्रकार ताकाशी अमानो. टाकीत निसर्गदृश्य रचण्याची कला त्यांनी जगभर नेली, आणि शेवाळ खाणारी अमानो कोळंबीही त्यांच्याच नावाची.

टाकीसाठीच बनवलेला पहिला गाजलेला एलईडी दिवा म्हणजे अमेरिकेतल्या पीएफओ कंपनीचा सोलारिस, साधारण २००६ चा. महाग होता, आणि तो प्रवाळवाल्यांसाठी होता. पण ऑर्बिटेक या दुसऱ्या कंपनीला २००७ मध्ये एलईडीने मत्स्यटाकी उजळण्याच्या पद्धतीवरच अमेरिकन पेटंट मिळाले, कोर्टकचेरी झाली आणि सोलारिस बाजारातून गेला. टाकीवर एलईडी लावणे ही कुणा एकाची मालमत्ता कशी होऊ शकते, हे कोडे मला अजून सुटलेले नाही. काही वर्षे त्या देशातले उत्पादक बिचकत राहिले. चीनमधल्या कारखान्यांनी मात्र पट्ट्या बनवण्याचा सपाटा लावला.

आपल्याकडे एलईडी टाकीवर आला तो वेगळ्या वाटेने. राज्यात भारनियमनाचे दिवस होते तेव्हा चोकवाल्या दोन ट्यूबा इन्व्हर्टरवर चालवणे कुणाला परवडणार? एलईडीची १२ व्होल्टची पट्टी साध्या अडॅप्टरवर चालते, पाण्यावर उघडे २३० व्होल्ट लटकत नाहीत, हेही घरच्यांना पटण्यासारखे होते. पण किंमत आडवी यायची. तो अडसर हटवला सरकारच्या घाऊक खरेदीने. २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत छत्तीस कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले, आणि बल्बमागे खरेदीचा दर २०१४ च्या आरंभीच्या ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. योजना घरे उजळण्यासाठी होती, माशांचा त्यात कुठे उल्लेखही नाही. तरी साध्या नऊ वॉटच्या एलईडी बल्बाखाली किंवा दहा वॉटच्या फ्लड लाइटखाली झाडे वाढवणारे हौशी लोक तेव्हापासूनच वाढले.

आणि झाडे वाढतात, यात नवल नाही. ल्युमेन हे उजेडाचे माप, आणि दहा वॉटचा चांगला एलईडी हजारेक ल्युमेन देतो. वीस वॉटची दोन फुटी ट्यूबही जवळपास तेवढेच द्यायची, पण चहूबाजूंना उधळून. एलईडीचा सगळा रोख खाली पाण्याकडे. साध्या ६५०० केल्व्हिनच्या, म्हणजे दिवसाच्या उजेडासारख्या, पांढऱ्या एलईडीत ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचा उंच सुळका असतो आणि पिवळ्या फॉस्फरमुळे तांबड्यापर्यंत पसरलेला पट्टा, त्यामुळे पानांची सोय आपोआप होते. क्रिप्टोकोरिन, ॲन्युबियस, जावा फर्न ही तर कमी उजेडावर निभावणारी झाडे. क्रिप्टोकोरिनच्या काही जाती आपल्या कोकणातल्या ओढ्यांतही रानटी वाढतात. लालचुटूक रोटाला किंवा जमिनीवर गालिचा करणारी झाडे हवी असतील तर मात्र दहा वॉट पुरणार नाहीत, आणि तिथे कार्बन डायऑक्साइडही सोडावा लागतो.

पूर्वी दिवा कधी बंद करायचा हे तापलेले पाणी सांगायचे, नाहीतर विजेचे बिल. दहा वॉटचा एलईडी रोज दहा तास चालला तरी महिन्याला तीन युनिट. गरम होत नाही, बिलात दिसत नाही, म्हणून तो सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत सुरू राहतो आणि पानांच्या कडांवर काळे केसाळ शेवाळ धरते. त्यावर औषधाची बाटली आणण्याआधी टायमरचे सॉकेट आणावे. दिव्याला सहा ते आठ तास, तेही सलग. तरी शेवाळ हटले नाही तर पट्टी चार बोटे वर उचलून बघावी.