मायामी इंक वेगळं, इंक मास्टर वेगळं, उगं मिक्स करू नका

लातूर असो का नांदेड, टॅटूवाल्याच्या दुकानात नंबराची वाट बघत बसलेली पोरं टॅटूच्या या दोन टीव्ही शोबद्दल हमखास बोलतात आणि हमखास घोळ घालतात. एक म्हणतो, "अरे ते मायामीवालं, ज्यात हरला की घरी पाठवतात." दुसरा सांगतो, इंक मास्टरमधी एक बाई वारलेल्या बापाचा चेहरा हातावर काढून घ्यायला आली आणि अख्खं दुकान रडलं. दोघंबी उलटं सांगायलेत.

आता यात पोरांची चूक तरी काय म्हणावी, रील्सवर हिंदी डबिंगचे तुकडे फिरतात, त्यावर शोचं नाव नसतं, दोन्ही अमेरिकेतले, दोन्हीत मशीनची घरघर, आणि वरून क्रिस नून्येज नावाचा माणूस खरंच दोन्हीकडं आहे. फक्त मायामी इंकमधी तो अ‍ॅमी जेम्ससोबत दुकानाचा भागीदार आहे, स्वतः टॅटू काढतो, आणि इंक मास्टरमधी तो बरीच वर्षं जज होता, दुसऱ्याच्या रेषा तपासायचा. तेवढं एक ध्यानात ठेवलं तरी अर्धा घोळ मिटतोय.

मायामी इंक २००५ ला अमेरिकेत टीएलसी चॅनलवर सुरू झालं आणि २००८ ला संपलं. आपल्याकडं ते डिस्कव्हरी ट्रॅव्हल अँड लिव्हिंगवर लागायचं, तेच चॅनल पुढं २०१० ला टीएलसी झालं. मायामीच्या साऊथ बीचवरचं एक दुकान, तिथं काम करणारी पाच-सहा माणसं, त्यांची भांडणं, योजी नावाच्या शिकाऊ पोराची चेष्टा, आणि रोज येणारं गिऱ्हाईक. खरा शो म्हणजे हे गिऱ्हाईक. ते खुर्चीत बसतं आणि आपली गोष्ट सांगतं, कुणाचा भाऊ गेलेला, कुणी आजारातून उठलेलं, कुणाला लेकरू झालेलं. मग स्टेन्सिल, म्हणजे डिझाइनचा ठसा, लागतो, सुई चालते, मागं गाणं वाजतं आणि दहाएक मिनिटात टॅटू तयार, आरशासमोर डोळ्यात पाणी. त्यात कुणी हरत नाही, जिंकत नाही, टॅटूला नावं तर कुणीच ठेवत नाही. आता ज्याचा बाप गेलाय त्याच्या हातावरच्या चेहऱ्यात नाक वाकडं आलं हे कॅमेऱ्यासमोर म्हणणार कोण?

एलए इंक हे याच घरातलं. मायामीच्या दुकानातल्या डॅरन ब्रासचं कोपर मोडलं म्हणून कॅट व्हॉन डी या टॅटू काढणाऱ्या बाईला तिथं मदतीला बोलावलं, पुढं तिचं अ‍ॅमीशी फाटलं, आणि २००७ ला लॉस एंजेलिसमधी तिचं दुकान आणि तिचा वेगळा शो सुरू झाला. म्हणजे मायामी आणि एलए यात गफलत झाली तर चालतंय, जात एकच आहे.

इंक मास्टर मात्र कुस्तीचा फड आहे. जानेवारी २०१२ ला स्पाइक टीव्हीवर आलं, तेव्हा सूत्रधार डेव्ह नवारो हा रॉक गिटारवाला, जज नून्येज आणि ऑलिव्हर पेक. जिंकणाऱ्याला १ लाख डॉलर, त्यावेळच्या भावानं साधारण ५० लाख रुपये, पहिल्या सीझनला ते शेन ओनीलनं नेले. दर एपिसोडला आधी छोटी परीक्षा, मग मोठी, घड्याळ लावलेलं, शैली ठरवून दिलेली, कधी पोर्ट्रेट, कधी जपानी, कधी जुन्या अमेरिकन पद्धतीचं जाड रेषेचं. ज्याचं काम सगळ्यात कच्चं तो घरी.

आणि इथं गिऱ्हाईकाला गिऱ्हाईक म्हणतच नाहीत, कॅनव्हास म्हणतात. हे मला पहिल्यांदा बघताना लई खटकलं होतं. काही सीझनमधी तर छोटी परीक्षा जिंकणाऱ्याला कोणता कॅनव्हास कुणाच्या गळ्यात मारायचा तेबी ठरवता येतं, मग नाजूक जागेवर अवघड डिझाइन मागणारा माणूस मुद्दाम ज्याला हरवायचं त्याच्या वाट्याला. स्पर्धेसाठी ठीकय, पण कातडी तर त्या बिचाऱ्याची कायमची जायली ना. असे नाराज झालेले लोक इतके निघाले की २०१५ ला रिडेम्प्शन नावाचा जोडशो काढावा लागला, त्यात तेच कॅनव्हास त्याच आर्टिस्टसमोर परत बसतात, टॅटू दुरुस्त करून घ्यायचा का झाकून घ्यायचा ते ठरवतात.

एक गंमत सांगतो, हा पेक म्हणजे कॅट व्हॉन डीचा आधीचा नवरा. तिनं २००७ च्या डिसेंबरात २४ तासात ४०० टॅटू काढून गिनीज रेकॉर्ड केला आणि सहा महिन्यात यानं ४१५ काढून तो मोडला, सगळे '१३' या आकड्याचे. म्हणजे एकेक साडेतीन मिनिटात, जत्रेतला गोंदणारासुद्धा एवढी घाई करत नसेल.

आता मला विचाराल तर टॅटू काढायच्या आधी इंक मास्टर बघा. मायामी इंक बघून माणूस काय काढायचं ते ठरवून येतो, पण काढलेलं चांगलं का वाईट ते त्याला कळत नाही. इंक मास्टरमधी जज कातडीला नाक लावून बघतात, रेष थरथरली का, रंग भरीव बसला का डाग-डाग, सावली हळूहळू विरली का एकदम तुटली. सुई कातडीचा वरचा थर ओलांडून साधारण एक-दोन मिलिमीटर खोल जावी लागते, कमी गेली तर रंग उडतो, जास्त गेली तर शाई खाली पसरते आणि रेषेच्या कडेला निळसर धुकं दिसतं, त्याला ब्लोआउट म्हणतात. आपल्याकडं निम्मी पोरं मनगटावर देवनागरीत नाव काढतात ना, तिथं हे लई लवकर उघडं पडतं. 'श्री' बारीक काढला की काही वर्षात गाठ भरून येते, 'क'च्या पोटातली जागा बुजते, रफार शिरोरेषेला चिकटतो आणि लांबून बघणाऱ्याला नुसता काळा किडा दिसतो. 'आई' मात्र टिकतं, अक्षरं मोकळी आहेत.

भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी दोन्ही शो सारखेच बिनकामाचे. सैन्यात कायमचा टॅटू कोपर ते मनगट हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागं तेवढा चालतो, आदिवासी उमेदवारांना वेगळी सवलत आहे. छातीवर महाराज काढायच्या आधी भरतीची जाहिरात नीट वाचा, मशीनवाला हे सांगत बसणार नाही.

आणि दोन्हीकडं टॅटू दाखवतात तो पुसून चकाचक केलेला, त्याच मिनिटाचा, कड लाल, काळा रंग एकदम डार्क. पुढं दोन-तीन आठवडे खपली धरते, खाजतंय, रंग थोडा फिका पडतो, ते मायामीत नाही आणि इंक मास्टरच्या निकालात तर कुठूनच नाही, कारण निकाल लगेच लागतो. त्यामुळं दुकानात गेल्यावर मोबाईलमधले ताजे फोटो बघून हुरळू नका, वर्षभर जुन्या टॅटूचा फोटो मागा. नाही म्हणाला तर चहा पिऊन निघा.