मोटार वाहन (सुधारणा) कायदा, 2019

धोकादायक वाहनचालन आणि वाहतुकीचे इतर गुन्हे यांसाठीची शिक्षा वाढवणारा भारतीय संसदेचा कायदा. मूळ मोटार वाहन कायदा 1988 चा. त्यातले बहुतेक दंड तीन दशके जागचे हलले नव्हते. हेल्मेट नसल्याबद्दल 100 रुपयांची पावती फाडून माणूस तसाच पुढे जाई. नितीन गडकरी रस्ते वाहतूक मंत्री असताना ही सुधारणा संमत झाली आणि तिच्यातील दंडाची कलमे 1 सप्टेंबर 2019 पासून अमलात आली.

दारू पिऊन गाडी चालवल्यास पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पूर्वी हा दंड 2,000 पर्यंत होता. विनापरवाना चालवल्यास 500 ऐवजी 5,000. रुग्णवाहिकेला वाट न देणे हा नवा गुन्हा ठरला. सर्वांत कडक तरतूद कलम 199अ ची : अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही. पुण्यात 19 मे 2024 रोजी कल्याणीनगरला अल्पवयीन चालकाच्या मोटारीने झालेल्या अपघातानंतर हे कलम घरोघरी माहीत झाले.

प्रत्यक्ष वसुली मात्र तडजोड शुल्काने (खटल्याऐवजी भरून प्रकरण मिटवण्याच्या रकमेने) होते आणि ते ठरवणे राज्यांच्या हाती आहे. गुजरातने लगेच दर खाली आणले. महाराष्ट्रात विधानसभा निवडणूक तोंडावर होती. नवे दर इथे यायला डिसेंबर 2021 उजाडला, तेही सौम्य होऊन. कायद्यात हेल्मेटसाठी 1,000, राज्यात 500. शिवाय थकलेली ई-चलने लोकअदालतीत तडजोडीने मिटतात, म्हणून थांबून पाहणारेही बरेच. देशात रस्ते अपघातांत 2019 साली 1,51,113 माणसे दगावली, 2022 साली 1,68,491. पकडले जाण्याची खात्री नसेल, तर रकमेचा धाक फारसा उरत नाही.

निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास भारतीय दंड संहितेत (कलम 304अ) कमाल दोन वर्षे कैद होती. तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेने कलम 106 मध्ये ती पाच वर्षे केली. पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद उपकलम (2) मध्ये होती. जमावाच्या मारापासून जीव वाचवायला पळावेच लागते, असे म्हणत जानेवारी 2024 च्या आरंभी ट्रकचालकांनी चक्का जाम केला. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. 1 जुलै 2024 रोजी संहिता लागू झाली, ती हे उपकलम वगळून.