कार्यजीवनाची गुणवत्ता आणि तरुण कर्मचारी

मोबदला, सुरक्षितता, शिकण्याची संधी, न्याय्य वागणूक आणि नोकरीबाहेर उरणारे आयुष्य यांचा एकत्रित दर्जा म्हणजे कार्यजीवनाची गुणवत्ता. रिचर्ड वॉल्टन यांनी १९७३ मध्ये तिचे आठ निकष मांडले.

केवळ कामाच्या ओझ्याने ताण येतो, हा समज अपुरा आहे. रॉबर्ट कारासेक यांच्या १९७९ च्या प्रारूपानुसार, कामाची मागणी जास्त पण ते कसे करायचे हे ठरवण्याची मुभा कमी, अशी नोकरी सर्वांत जाचक ठरते. दोन्ही जास्त असतील तर तेच ओझे माणसाला घडवते. नवा कर्मचारी बहुधा पहिल्या गटात मोडतो: प्रोजेक्ट, पाळी आणि मुदत वरचे ठरवतात, चूक मात्र त्याच्या नावावर जाते.

पुण्यातल्या हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांत यात घड्याळाची भर पडते. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे इथले संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. दिवसाचे काम आटोपते तेव्हा क्लायंटचे कॉल सुरू होतात. त्यावर प्रवास. कात्री लागते ती झोपेला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात दोन आठवडे रोज सहा तासच झोपू दिलेल्यांची एकाग्रता रात्रभर जागलेल्यांइतकी खालावली. त्यांना स्वतःला मात्र आपण थोडेसेच पेंगुळलो आहोत असे वाटत होते. 'मला चालते एवढी झोप' या दाव्यावर म्हणूनच विसंबता येत नाही.

कामगिरी एकदम ढासळत नाही. आधी तपासणी सुटते: कोड पुरेशा चाचणीविना पुढे जातो, मेलला जुनीच फाइल जोडली जाते. दुरुस्तीत पुन्हा तास जातात आणि टाइमशीटवर ते मेहनत म्हणून दिसतात. त्यामुळे घसरण अप्रेझलपर्यंत लपते. उशिरापर्यंत बसणाऱ्याचे कौतुक करणारा मॅनेजर नकळत तिला खतपाणी घालतो. पुढची पायरी बर्नआउटची. जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती मानते. थकवा, कामाविषयी तुटलेपणा आणि घटलेली परिणामकारकता ही त्याची तीन अंगे.

उपाय कामाच्या आखणीतच करावे लागतात. पाळीचे वेळापत्रक किमान दोन आठवडे आधी द्यावे. रात्री अकरानंतर कॉल झाला तर दुसऱ्या दिवशी उशिरा येण्याची सवलत असावी. दोन वरिष्ठांची कामे एकाच वेळी आली तर आधी कोणते, हे एकाच व्यक्तीने ठरवावे. ओझे तसेच ठेवून शनिवारी सक्तीचा योगवर्ग भरवला, तर यादीत आणखी एक काम वाढते.